ओळीवरचे छप्पर

कुसुमबाई आधी सगळी अक्षरे उघडी लिहीत. शिरोरेषा नाही, फळ्यावर नुसती हाडे उभी. वाचायला जमलेल्या माणसांना तोवर थांबावे लागे. मग बाई स्टुलावरून खाली उतरत, थोडे मागे सरकून मान तिरकी करत, पुन्हा चढत आणि डावीकडून उजवीकडे, खडू न उचलता, एका दमात आडवी रेघ ओढत. ती रेघ पुरी झाली की बातमी झाली. त्याआधी कोणी मोठ्याने वाचू लागला तर मागे न पाहता म्हणत, "थांब ना बे, छप्पर तर पडू दे. बिनछपराची गोष्ट म्हंजे अफवा."

वरवट बकालच्या पुढे खारपाणपट्ट्यात आमचे गाव आहे. विहिरीचे पाणी खारट, जमीन काळी, पीक मुख्यतः कपाशीचे. एसटीच्या थांब्याला लागून ग्रामपंचायतीची भिंत, आणि त्या भिंतीच्या मधोमध सिमेंटचा फळा. दर दिवाळीच्या आधी बाई जुन्या सेलमधली काळी भुकटी पाल्याच्या रसात खलून तो स्वतः सारवून घेत. फळ्याला आडवे तीन भाग होते. सगळ्यात वर 'देश', मध्ये 'गाव', खाली 'घर'. वरच्या भागात रेडिओवरून ऐकलेली ठळक बातमी. मधल्या भागात कपाशीचा बाजार, बंद पडलेली एसटी, पाण्याची पाळी. खालच्या भागात बारसे, लग्न, परीक्षेत पास झालेले पोर आणि मृत्यू. तिन्ही भागांची उंची सारखी. गावात आलेल्या एका पाहुण्याने विचारले होते, देशाला जागा जास्त नको का? बाई म्हणाल्या, "काऊन? देशात घरं नाहीत काय?"

त्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा सीमेवर युद्ध सुरू होते आणि गावात रेडिओ मोजकेच. आपण ऐकलेले सगळ्यांना कळावे म्हणून त्यांनी भिंतीवर लिहायला सुरुवात केली; युद्ध संपले, लिहिणे संपले नाही. नवरा खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो लवकर गेला. पुढे गावात टीव्ही आले, नंतर प्रत्येक खिशात मोबाईल आला, बाई निवृत्त झाल्या. तरी सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत फळा ओला करून पुसला जाई आणि नवा दिवस त्यावर चढे.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी कोणासाठीही मोडला नाही. ज्या घरची बातमी, त्या घरच्या माणसाने येऊन सांगायची. तोंडाने, समोर उभे राहून. मध्ये एकदा जळंबजवळ गाडीला अपघात झाला आणि गावातल्या एका तरुणाचे नाव मृतांमध्ये असल्याचे सगळीकडे पसरले. फळ्यापुढे गर्दी जमली. "लिहा ना बाई, सगळ्याईले माहीत आहे." बाई खडू हातात धरून उभ्या. "त्याची माय आली का सांगाले? बाप आला? मंग तो जिता आहे." संध्याकाळच्या एसटीतून तो तरुण पिशवी खांद्याला लावून उतरला आणि गर्दी पाहून त्यानेच विचारले, "कोन मेलं बे?" त्या दिवसापासून गावाने मोबाईलवर वाचायचे आणि फळ्यावर मानायचे, अशी विभागणी करून घेतली.

दुसरी सवय त्याहून विलक्षण. गावातल्या प्रत्येकाच्या घरची घटना बाई देशाच्या घटनेला जोडून सांगत, कारण फळ्यावर दोन्ही एकाच दिवशी होत्या. माझे वडील किराणा दुकान चालवतात. त्यांचे दुकान फळ्याच्या अगदी समोर. त्यांना त्या माझ्यादेखत चिडवत: "तुह्या बापाचा दहावीचा निकाल लागला त्याच दिसात देशानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. देशासाठी फटाके फुटले, तुह्या बापासाठी कोनी फोडले नाही. मी मात्र दोघाईले एकाच खडूनं लिहिलं." माझा जन्म वाळवंटातल्या अणुचाचणीच्या बातमीखाली लिहिला गेला. म्हणून मी कायमची 'बॉम्बाची पोर'. शाळेत विज्ञानात पहिली आले तरी बाई म्हणत, "येनारच. बॉम्बाची पोर आहे, लाडू वळाले थोडीच आली."

बंगळुरूला संशोधनासाठी निवड झाली तेव्हा नियमाप्रमाणे मी स्वतः सांगायला गेले. बाईंनी विचारले, तिथे नेमके काय करणार? मी म्हणाले, "मोजमापातल्या चुका शोधणार, बाई. उपकरण किती चुकते, कोणत्या बाजूला चुकते, हे तपासायचे."

"अन् त्याचा पगार भेटते?"

"भेटतो."

"मंग मी तर श्रीमंतच व्हाले पायजे होती. गावभराच्या पोराईचं शुद्धलेखन तपासलं म्या."

हसल्या, स्टुलावर चढल्या आणि माझे नाव 'घर'मध्ये लिहिले. मी बंगळुरूला गेल्यावर वडिलांना एकच काम सांगितले होते: रोज सकाळी दुकान उघडले की फळ्याचा फोटो पाठवायचा. ते पाठवत राहिले. प्रयोगशाळेत यंत्र तापेपर्यंत मी गाव वाचून घेत असे.

ज्या एका घरची बातमी त्या फळ्यावर तोवर कधी आली नव्हती, ते घर बाईंचेच होते. हे मला आईने सांगितले. ते घडले तेव्हा मी पाळण्यात होते. बाईंना एकच मुलगी, नलू. देशातली आणीबाणी उठल्याच्या दिवसांत जन्मलेली. बाई तिला 'सुटकेची लेक' म्हणत. फळ्याखाली सायकलदुरुस्तीचे दुकान असलेल्या रहीमचाचांच्या मांडीवर ती वाढली. त्यांना ती मामू म्हणे. बाई शाळेत असताना तिला सांभाळता सांभाळता रहीमचाचा फळ्यावरची अक्षरे वाचायला आणि थोडीफार लिहायलाही शिकले. नलूचे लग्न खामगावला झाले. पहिल्या बाळंतपणात ती गेली, बाळही राहिले नाही. क्रियाकर्म आटोपून बाई गावात परतल्या आणि दुसऱ्या सकाळी फळ्याशी हजर झाल्या. देश लिहिला, गाव लिहिले. 'घर' रिकामे ठेवून स्टुलावरून उतरल्या. रहीमचाचांनी हळूच विचारले, "बाई, घर?"

"ज्या घरची बातमी त्या घरच्यानं येऊन सांगावं, रहीमभाऊ. माह्या घरून कोनी आलं नाही."

घरात कोणी उरलेच नव्हते. गावाने पुन्हा विचारले नाही.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, दोन वर्षांमागच्या एका सकाळी, वडिलांनी पाठवलेल्या फोटोत 'देश'खाली लिहिले होते, 'जुन्या नोटा बंद.' नोटा बंद होऊन कैक वर्षे झाली होती; गावात हसे झाले. एक आजी खरोखर पदराची गाठ सोडत दुकानात धावल्या होत्या. बाईसुद्धा हसल्या म्हणे: "चुकलं असंन बे, मास्तरणीले चुकायचा हक नाही काय?" मी मात्र हसले नाही. चुकांचे दोन प्रकार असतात. एक, कधी इकडे कधी तिकडे होणारी, जिचा अर्थ काढायचा नसतो. दुसरी, नेहमी एकाच बाजूला होणारी, जी उपकरणाबद्दल काही सांगत असते. मी फोटो क्रमाने लावून पाहिले. चूक कधी होत होती, कधी नव्हती. चांगले दिवस मध्ये येत होते. पण जेव्हा होत होती तेव्हा एकाच दिशेने होत होती. मागे. नोटाबंदीच्या मागे पूर, पुराच्या मागे भूकंप. फळ्यावरचा देश उलटा चालू लागला होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी विस्मृतीच्या आजाराचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या आणि हे थांबणार नाही, फार तर हळू होईल, असेही सांगितले. माझ्या आईने दोन वेळचा डबा सुरू केला. ग्रामपंचायतीत मात्र विषय निघाला. सुरेश नावाचा तरुण सदस्य म्हणाला, "आता फळा बंद करून टाकू. गावाचा ग्रुप आहे ना मोबाईलवर."

रहीमचाचा सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "ग्रुपवर कोन मेलं हे त्याच्या मायच्या आधी गावाले कळते, सुरेश. हा फळा मायसाठी थांबत होता. त्याले दोन दिवस चुकू दे ना बाबा. तुह्या ग्रुपवर रोजच चुकते."

फळा राहिला. आणि मग एका सकाळी 'घर'मध्ये ओळ आली: 'नलू बाळंतपणासाठी माहेरी येत आहे.'

ती ओळ पाहून वडिलांनी फोटो पाठवला नाही, फोन केला. ओळ तेवढी वाचून दाखवली. मी त्या रात्री हिशेब मांडला आणि तो सोपा होता. बाईंची आठवण नलूच्या मृत्यूच्या अलीकडे होती तोवर नलू मेलेली होती. आता ती त्याच्या पलीकडे गेली होती. नलू जिवंत झाली होती.

बाईंची एक दूरची पुतणी त्या आठवड्यात भेटायला आली. तिने चांगल्या मनानेच सांगितले, "काकू, नलू जाऊन किती वर्षं झाली!" बाई फळ्यापुढेच होत्या. आई सांगते, त्या हळूहळू खाली बसल्या, जशी विहिरीत बादली सोडावी तशा. रडल्या नाहीत. "मले काऊन नाही सांगतलं कोनी?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. ज्या बाईने गावातल्या कोणाचाही मृत्यू त्याच्या माणसाआधी जगाला कळू दिला नाही, तिच्या तोंडचा तो प्रश्न. दुसऱ्या दिवशी त्यांना पुतणीही आठवत नव्हती आणि तिने सांगितलेलेही. दुपारी त्या खामगावच्या एसटीची वाट पाहत थांब्यावर बसल्या.

तेव्हा गावाने ठराव न करता ठरवले. पुन्हा कोणी सांगायचे नाही. एक माणूस एकाच मुलीसाठी किती वेळा मरणार?

रोज एसटी येई, रोज नलू उतरत नसे, आणि रोज रहीमचाचा तोडगा काढत. "पंक्चर झाली असंन बाई, मागच्या गाडीनं येऊन राह्यली असंन."

"रोज पंक्चर?"

"रस्ता पाह्यला का तुमी? माहं दुकान कशावर चालते मंग?"

बाईंना पटे. जन्मभर लोकांची पंक्चरे काढलेला माणूस आता रोज एक पंक्चर करत होता. आपल्या अंगणातली पिकली पपई तो 'लेकीसाठी' म्हणून बाईंच्या पिशवीत टाकी, आणि बाई ती दुसऱ्या दिवशी सुकलेली पाहून विचारत, "हे कोनी आनलं?"

त्या सुमारास मी गावी आले. बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले, पाहुणीकडे पाहावे तसे. "कोनाची गं तू?"

मी वडिलांच्या दुकानाकडे बोट दाखवले. "बॉम्बाची पोर, बाई."

"कसला बॉम्ब?" त्या खळखळून हसल्या. "काहीही बोलते. त्याचं तर लग्नही व्हायचं आहे."

मी समजले. माझा जन्म मागे पडला होता. म्हणजे फळ्यावर मी कधी लिहिलेच गेले नव्हते. एखाद्या आलेखावर आपण स्वतः बिंदू असणे आणि तो बिंदू पुसला जाताना पाहणे, याचे प्रशिक्षण कोणतीही प्रयोगशाळा देत नाही. पण बाई नलूबद्दल बोलू लागल्या आणि मला त्यांना थांबवावेसे वाटेना. नलूला सायकल येते पण उतरता येत नाही, म्हणून रहीमभाऊ धावत जाऊन धरतो. नलूला खारे पाणी आवडते, बाहेरगावचे गोडे पाणी तिला आजारी पाडते. ज्या मुलीचे नाव त्या घरात इतकी वर्षे कोणी काढले नव्हते, तिच्याबद्दल मी दुपारभर ऐकले. निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेले ये. नलू असंन. दोघी बसा बोलत."

मी परतल्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गावात ती गोष्ट घडली जी दुसऱ्या कुठल्या गावात घडली नसती. सकाळी फळ्यावर 'देश'खाली ओळ होती: 'पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या. निधन.' पहिल्यांदा चहावाल्याने भट्टी विझवली. मग पिठाची गिरणी थांबली. मग माझ्या वडिलांनी दुकानाचे शटर ओढले. म्हातारे टोप्या काढून फळ्यापुढे उभे राहिले. कोणाला तरी भान येईपर्यंत चौक बंद होता.

मी फोनवर विचारले, "बाबा, मोबाईल खिशात होता ना तुमच्या? पाहायचा तरी."

"होता ना."

"मग?"

"फळ्यावर छप्पर होतं गं, पोरी."

मग पुढे म्हणाले, "शटर ओढलं तेव्हा समजलं. तवाही असंच ओढलं होतं, माह्या बापासोबत. मंग म्हटलं, आता ओढलंच आहे तर राहू दे थोडा वेळ."

यानंतर मी फोटो उघडताना घाबरू लागले. इतरांना जे दिसत नव्हते ते मला दिसत होते. नलू परत आली, हे सगळ्यांनी पाहिले होते. पण ज्या वाटेने ती परत आली होती ती वाट तिथे संपत नव्हती. आठवण माघारी जाताना सरळ रेषेत जात नाही, तिला खाचखळगे असतात, हे मला माहीत होते. मी त्या खाचखळग्यांवर भिस्त ठेवली होती.

एका सकाळी फोटो आला. 'देश: आणीबाणी उठली.' 'घर: कुसुमबाई मास्तरीण यांना कन्यारत्न.' सोबत वडिलांचा फोन. आवाजात खरा आनंद होता. आईने शिरा केला होता, रहीमचाचांनी चौकात पेढे वाटले होते, सुरेशसुद्धा पाया पडून गेला होता. बाई लाजल्या होत्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसली मास्तरीण अशी," बाबा म्हणाले. फोन ठेवला, मार्गदर्शकांना रजेचा निरोप पाठवला आणि मिळेल त्या गाडीने निघाले. मला काय थांबवायचे होते हे मला सांगता आले नसते. नलू आहे तोवर बाईंच्या तोंडून तिचे नाव पुन्हा एकदा ऐकावे, एवढेच असेल.

गावात पोचले तेव्हा दुपार होत होती. फळ्यावर पाहिले. 'देश: आणीबाणी जाहीर.' 'गाव'खाली दोन शब्द, 'घर' रिकामे. बाई थांब्याच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, पदर नीट, हातात खडू. खामगावची एसटी आली, माणसे उतरली, एसटी गेली. रहीमचाचा दुकानातून उठून आले आणि सवयीने म्हणाले, "पंक्चर झाली असंन, बाई. नलू मागच्या गाडीनं येईल."

बाईंनी त्यांच्याकडे वर पाहिले. सभ्यपणे, थोडे गोंधळून.

"कोन नलू, रहीमभाऊ?"

"आपली नलू," चाचा म्हणाले. मग अगदी हळू, "सुटकेची लेक."

"कोनाची?" बाईंनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता त्या पदराने खडूची भुकटी झटकू लागल्या.

रहीमचाचांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ स्पष्टीकरण होते: आणीबाणी जाहीर झाली तेव्हा नलू जन्मलीच नव्हती. ते मी दिले नाही; त्यांना ते लागणारही नव्हते. त्यांनी ग्रीसने काळे झालेले हात कपड्यांना पुसले. मग मला म्हणाले, "बेटा, आता बाईच्या मनाले लागनार नाही ना?"

"नाही, चाचा."

"मंग पोरगी अशीच नाही गेली पायजे. आतापर्यंत बाईजवळ तरी होती."

त्यांनी हंड्यात फडके बुडवून 'घर'चा भाग पुसला. तो पुसलेलाच होता. बाईंच्या हातातला खडू मागून घेतला, तो बाईंनी दिला, आणि गुडघा धरत ते स्टुलावर चढले. पोरीला मांडीवर घेऊन शिकलेली अक्षरे एकेक करून उभी राहिली, वाकडी, सुटी, उघडी. 'नलू गेली.' तेवढेच.

चौकातली माणसे थांबली. या वेळी कोणी चूक समजले नाही. चहावाल्याने डोक्याचा रुमाल काढला.

बाई उठून फळ्याजवळ आल्या होत्या. नजर शिक्षिकेची. "त्या घरचं कोनी आलं होतं का सांगाले?"

"आलं होतं, बाई."

"कोन?"

"मामू होता तिचा."

"मंग बरोबर." त्यांनी पुन्हा अक्षरांकडे पाहिले आणि जीभ चुकचुकवली. "पन असं उघडं काऊन ठेवलं? आना तो खडू इकडं."

मी त्यांचा हात धरला. हात हलका होता, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखा. त्या स्टुलावर चढल्या. स्टुलावर चढलेल्या बाईंना मी पाहिले ते शेवटचेच. मान तिरकी केली, खडू डावीकडे टेकवला आणि ओढला. रेघ नलूवरून गेली, शेवटच्या अक्षरावरून गेली आणि थांबली नाही. पुढे रिकाम्या फळ्यावरून चौकट संपेपर्यंत गेली.

बाई उतरल्या, मागे सरकल्या.

"सरळ आली का गं?"

"सरळ आली, बाई."

समोर बाबांनी शटर ओढले.